ग्रामपंचायतीचं सगळं ऑनलाईन करायचं कारण तरी काय? ग्रामसभेत आबांना काय सांगू?

भोगावतीकाठ

नमस्कार मंडळी. कोल्हापूरच्या करवीर तालुक्यातलं गाव आहे आमचं, नाव राहू दे. येत्या ग्रामसभेत विषय ठेवलाय की दाखले, घरफाळा, जन्ममृत्यूची नोंद, सगळे अर्ज इथून पुढं ऑनलाईनच घ्यायचे, आणि सदस्य म्हणून त्यावर मी बोलायचं ठरलंय. मी लगेच हो म्हटलं कारण मला वाटलं त्यात काय अवघड आहे, वेळ वाचतो, हेलपाटे वाचतात, झालं भाषण.

पण घरी जेवताना आबांपुढं, म्हणजे वडिलांपुढं, बोलून बघितलं आणि आबांनी पहिल्याच वाक्याला अडवलं. म्हणाले, वेळ कुणाचा वाचतोय रे? आधी मी तलाठ्याकडं जायचो, त्याला माझं रान कुठं आहे ते माहीत, माझा बाप माहीत, बसल्या बसल्या उतारा लिहून द्यायचा. आता सेवा केंद्रात जातो तर तिथलं पोरगं मला ओळखत नाही, सर्व्हर नाही म्हणतं, उद्या या म्हणतं. तालुक्याची रांग उचलून गावात आणून ठेवली, दुसरं काय केलं तुम्ही?

आणि मला खरंच उत्तर देता आलं नाही. गावात आबांसारखी पन्नास माणसं असतील आणि ती सगळी ग्रामसभेला येतात, उलट मोबाईलवाली पोरं येत नाहीत. त्यामुळं मला जाहिरातीतली कारणं नकोत. माझ्या बापासारख्या माणसाला ह्यातून नेमकं काय मिळालं आणि कुठं नुकसान झालं ते दोन्ही सांगा, अनुभव असला तर जास्त बरं.

पूरपट्ट्यातला

मी चिखलीचा. तुझ्या आबांना एवढंच विचार की २०१९ च्या ऑगस्टमध्ये त्यांच्या घरात पाणी शिरलं होतं का.

आमच्याकडं शिरलंतं. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटाला इशारा आणि ४३ ला धोका हे आमच्याकडं लहान पोराला पण पाठ असतंय, पण त्या वर्षी पाणी ४३ च्या कितीतरी वर गेलं आणि आम्ही जनावरं सोडवायच्या नादात घरातली पत्र्याची पेटी विसरलो. त्या पेटीत सगळं होतं. आजोबांच्या नावचे उतारे, खरेदीपत्र, माझा शाळा सोडल्याचा दाखला, बहिणीचा जातीचा दाखला, बँकेचं पासबुक. पाणी उतरल्यावर पेटी उघडली तर आत चिखलाचा गोळा, कागद उलगडायला गेलं की हातात तुकडे येत होते. आई एकेक कागद पत्र्यावर उन्हात वाळत घालत होती आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून वर खडे ठेवत होती, ते मला अजून दिसतंय.

आणि लगेच पंचनामे सुरू झाले. उतारा द्या, आधार द्या, पासबुक द्या. पण सातबारा ऑनलाईन होता. आत्तेभावानं इचलकरंजीत बसून सही असलेला उतारा काढला आणि मला व्हॉट्सॲपवर पाठवला. जे ऑनलाईन होतं ते वाचलं, जे नव्हतं त्यासाठी पुढं वर्षभर फिरलो. शाळेचं जुनं रजिस्टर पण भिजलं होतं, मग मी शाळेत होतो हे सिद्ध करायला मीच गुरुजींना शोधत हिंडलो. २०२१ च्या जुलैला परत पाणी आलं तेव्हा आम्ही पेटी बघितली पण नाही, सगळं सरकारच्या डिजिलॉकर ॲपवर टाकून ठेवलंतं.

कागद एकाच ठिकाणी असला की तो पुराचा, वाळवीचा नाहीतर आगीचा. माझ्यासाठी एवढं एकच कारण बास आहे.

चंदगडचा, सध्या चाकणला

माझं थोडक्यात. चंदगडहून कोल्हापूर शंभर किलोमीटरच्या वर आहे, जिल्ह्याच्या कामाला निघालं की अख्खा दिवस. आणि मी चाकणला कंपनीत, सुट्टी शनिवार रविवार. २०२० पासून सरकारी ऑफिसला पाच दिवसांचा आठवडा, म्हणजे माझी सुट्टी त्या दिवशी तेही बंद. सांगा आता मी कधी जायचं? बहिणीच्या स्कॉलरशिपला उत्पन्नाचा दाखला लागत होता, आधी प्रत्येक वेळी दोन खाडे आणि एसटीचं भाडं व्हायचं, गेल्या वर्षी रात्री शिफ्ट सुटल्यावर रूमवर बसून अर्ज भरला आणि दाखला मुदतीत आला. आबांचा वेळ वाचत नसेल, कारण आबा गावात आहेत. जी पोरं गावाबाहेर पोटासाठी गेलीत त्यांचा वाचतो. हे पण सांगा सभेत, कारण ती पोरं सभेला नसणार आणि त्यांच्या बाजूनं बोलायला पण कुणी नसतं.

फक्त आमच्या वरच्या वाड्यांवर अजून रेंज नाही. तिथल्या माणसाला ऑनलाईनच करा म्हणणं म्हणजे करूच नका म्हटल्यासारखं आहे.

निवृत्त महसूल

महसूल खात्यात कारकून म्हणून ३१ वर्षं काढली, म्हणून जरा सविस्तर लिहितो, वाचायचा कंटाळा करू नका.

तुमचे आबा म्हणतात ते खोटं नाही. त्यांना तलाठी ओळखत होता म्हणून त्यांचं काम बसल्या बसल्या झालं. पण ज्याला तलाठी ओळखत नव्हता त्याचं काय व्हायचं, हे मी टेबलाच्या ह्या बाजूनं बघितलंय. नवरा वारल्यावर वारस नोंदीसाठी आलेली बाई, भावकीत भांडण असलेला धाकटा भाऊ, गावातल्या मोठ्या घराशी वाकडं असलेला माणूस. ह्यांना "दप्तर तालुक्याला गेलंय", "साहेब फिरतीवर आहेत", "पुढच्या सोमवारी या" एवढंच ऐकायला मिळायचं, आणि ते आले होते ह्याचा कुठं कागदच नसायचा. अर्ज घेतलाच नाही तर उशीर झाला हे सिद्ध कसं करणार? माझ्या मते सगळ्या कारणांचं मूळ इथं आहे. ऑनलाईन अर्जाला नंबर पडतो, तारीख आणि वेळ पडते आणि ती कुणाला मागंपुढं करता येत नाही. वेळ वाचणं हा त्याच्या नंतरचा फायदा.

आणि कोल्हापूरच्या माणसाला तर हे नवीन वाटायला नको. आपल्या संस्थानात गावाचं दप्तर कुलकर्ण्यांच्या घरात वंशपरंपरेनं असायचं. कुणाच्या नावावर किती रान, कुणाची किती बाकी, सगळं एका घराच्या कपाटात, आणि ते बऱ्याचदा मोडी लिपीत, म्हणजे ज्याच्याबद्दल लिहिलंय त्याला वाचता पण येत नाही. शाहू महाराजांनी १९१८ मध्ये ही कुलकर्णी वतनं रद्द केली आणि पगारी तलाठी नेमले, त्यात सगळ्या जातींच्या माणसांना घेतलं. कारण महाराजांना कळलं होतं की दप्तर ज्याच्या हातात त्याच्या हातात गाव. त्यांनी दप्तर एका घरातून काढून नोकराच्या हातात दिलं. आता ते एका नोकराच्या कपाटातून काढून सगळ्यांना बघता येईल अशा ठिकाणी ठेवायचं चाललंय. मी तरी ह्याला त्याच रस्त्यावरचं पुढचं पाऊल मानतो आणि हे मी मनापासून सांगतो.

आता कामाचं. फेरफार, म्हणजे उताऱ्यावरच्या नावातला बदल, कसा होतो ते लोकांना माहीत नसतं. आधी खरेदी झाली की दस्ताची नक्कल घेऊन तुम्ही तलाठ्याकडं जायचं, तो नमुना ६ ला, म्हणजे फेरफाराच्या रजिस्टरला, नोंद धरणार, मग नोटीस, हरकतीला १५ दिवस, मग मंडल अधिकारी नोंद मंजूर करणार. ह्यात नोंद धरायलाच महिने जायचे आणि काही ठिकाणी पेन्सिलीनं नोंद करून ठेवायची पद्धत होती, ती पुसली तर तुम्ही कुणाला दाखवणार? ई-फेरफार आल्यापासून दुय्यम निबंधकाकडं दस्त झाला की त्याची माहिती थेट महसूलकडं जाते. नोंद कुणी घातली, कुणी मंजूर केली, कधी केली हे डिजिटल सहीसकट राहतं. डिजिटल सहीला कायद्याची मान्यता २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यापासूनची आहे, कागदावरच्या शिक्क्यापेक्षा कमी समजू नका.

दुसरं, महाराष्ट्राचा लोकसेवा हक्क कायदा, २०१५ चा. त्यात जाहीर केलेल्या प्रत्येक सेवेला मुदत आहे, उत्पन्नाच्या दाखल्याला १५ दिवस. मुदतीत दिलं नाही किंवा नाकारलं तर पहिलं अपील ३० दिवसांत करायचं, मग दुसरं, मग सेवा हक्क आयोगाकडं. विनाकारण अडवणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंडाची तरतूद आहे. आणि नाकारायचं असेल तर कारण लेखी द्यायला लागतं, तोंडी "होत नाही" चालत नाही. पण हा सगळा कायदा उभा कशावर आहे? मुदत कुठल्या तारखेपासून मोजायची त्यावर. तारीख पक्की नसेल तर कायदा नुसता भिंतीवरचा बोर्ड.

चुका पण झाल्यात, ते लपवू नका. हस्तलिखितावरून कॉम्प्युटरवर चढवताना क्षेत्र चुकलं, नावातलं एक अक्षर गेलं, कुळाचं नाव राहिलं असं पुष्कळ झालंय आणि ज्याचं चुकलं त्याची चूक नसताना त्यालाच फिरायला लागलं. लेखनाची चूक असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली दुरुस्तीचा अर्ज होतो, सोबत जुन्या हस्तलिखित उताऱ्याची नक्कल जोडायची. म्हणून जुनी दप्तरं कुणी रद्दीत घालत असेल तर आडवे व्हा.

बावड्याची सूनबाई

निवृत्त काकांचं सगळं पटलं पण दुसरी बाजू पण लिहू दे.

माझ्या सासूबाई उभ्या आयुष्यात भांगलणीला गेल्या. खुरप्यानं अंगठ्याच्या रेषाच राहिल्या नाहीत. रेशनच्या मशीनवर अंगठा लावला की नाही म्हणतंय, परत लावा, पुसून लावा, दुसरं बोट लावा, मागं सगळी रांग बघत उभी. घरी येऊन मला म्हणाल्या, सरकारला मी मी नाही असं वाटायलंय गं. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. माणूस ओळखायला मशीन आणलं आणि आयुष्यभर राबलेल्या माणसालाच ते ओळखत नसेल तर त्याला आपण सुधारणा कुठल्या तोंडानं म्हणायची?

आणि ओटीपी. घरातला आधारला जोडलेला नंबर थोरल्या दिरांचा, ते मुंबईला. ओटीपी तिकडं, सासूबाई इकडं. शेवटी फोन करायचा, त्यांनी उचलायचा, तोवर मुदत संपलेली. ह्याच्यातूनच फसवणारे पण शिरतात, म्हातारी माणसं कुणाला पण नंबर सांगून टाकतात, लिंक आली की दाबतात.

पण ह्याच्यावर उपाय निघतात हे पण बघितलंय. सासरे पेन्शनर होते. हयातीचा दाखला द्यायला दरवर्षी नोव्हेंबरला रिक्षा करून न्यायला लागायचं, शेवटच्या दोन वर्षांत तर खुर्चीसकट उचलून. हाच दाखला ऑनलाईन द्यायचं जीवन प्रमाण २०१४ ला आलं तेव्हा अंगठा लावायला लागायचा, तो पण उमटायचा नाही. २०२१ नंतर मोबाईलवर चेहरा दाखवून व्हायला लागलं, कॉटवर बसल्या बसल्या झालं, त्यांना उठवायला पण लागलं नाही. म्हणजे मनात आणलं तर करता येतंय. माझं म्हणणं एवढंच, सभेत "ऑनलाईनच" मधला "च" काढा. कागदावरचा अर्ज घ्यायचा, तो पंचायतीतल्या ऑपरेटरनं तिथंच चढवायचा आणि पोहोच हातात द्यायची. म्हातारीनं कॉम्प्युटर शिकायचा नाही, पंचायतीनं तिच्यासाठी तो चालवायचा.

केंद्रचालक

मी केंद्र चालवतो, हातकणंगले तालुक्यात. लोक आम्हाला शिव्या घालतात, काही ठिकाणी जादा पैसे घेतात ते मला पण माहीत आहे आणि ते चूकच आहे. दराचा बोर्ड बघा, पावती घेतल्याशिवाय उठू नका, आणि अर्जाचा नंबर असलेली पोहोच मागा. ती तुमच्याकडं असली की आम्ही पण काही गडबड करू शकत नाही आणि ऑफिस पण नाही.

सर्व्हरचं म्हणाल तर दहावी बारावीचे निकाल लागले की अख्खा महाराष्ट्र एकाच आठवड्यात दाखले मागतो. उत्पन्न, डोमिसाईल, नॉन क्रिमिलेयर, पोरांना जे काही लागणार आहे ते एप्रिल मे मध्येच काढून ठेवा. दरवर्षी सांगतो, दरवर्षी जूनला दारात गर्दी, आणि त्यात एखादं पोरगं ॲडमिशनची मुदत चुकल्यामुळं रडत बसलेलं असतंय, बघवत नाही.

सीमाभाग

आमचं थोडं रान निपाणीकडं आहे, म्हणजे कर्नाटकात. तिकडं उताऱ्याचं भूमी म्हणून काम २००० च्या सुमारास सुरू झालं, आपल्या बरंच आधी, आणि नंतर हातानं लिहिलेला उतारा चालेनासाच झाला. वडील पहिल्यांदा गेले तेव्हाची गोष्ट अजून सांगतात. खिडकीत कॉम्प्युटरला दोन स्क्रीन होते, एक कारकुनाकडं तोंड करून आणि एक शेतकऱ्याकडं. कारकून काय टाइप करतोय ते वडिलांना समोर दिसत होतं. नाव चुकीचं पडलं तर ते तिथंच म्हणाले अहो थांबा, आणि तिथंच दुरुस्त झालं. अर्ज आला त्याच क्रमानं निकालात काढायचे, मधला उचलून पुढं घेता येत नव्हता.

आबा म्हणतात ना केंद्रातलं पोरगं ओळखत नाही, तर मग पोरगं काय करतंय ते आबांना दिसू दे. माझ्या वडिलांचा भरवसा त्या दुसऱ्या स्क्रीननं बसला.

वारणेचा ऊसवाला

इथं सगळे ऑनलाईन म्हणजे काल परवाचं असल्यासारखं बोलतायत म्हणून लिहितो. आमच्या वारणा खोऱ्यात १९९८ ला वायर्ड व्हिलेज म्हणून योजना आली होती, कोल्हापूर आणि सांगलीतली मिळून ७० गावं. गावात कॉम्प्युटर बसवले, सरकारी माहिती, बाजारभाव, सगळं त्यावर मिळणार म्हणून. त्या काळात आमच्या गावात फोन पण मोजून चार पाच असतील.

शेवटी लोकांनी तो कॉम्प्युटर वापरला कशाला? आपला ऊस किती गेला, बिल किती झालं, तोड कधी, खताचं काय, एवढ्यासाठी. कारण त्याच्यासाठी आधी कारखान्यावर जायला लागायचं नाहीतर ऊसतोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या चिटबॉयच्या मागं फिरायला लागायचं. पुढं संशोधन करणाऱ्या मंडळींनी सात गावांत कॉम्प्युटर काढून साधा मोबाईल देऊन बघितला, एसएमएसवर तीच माहिती मिळायची. स्वस्त पडलं आणि शेतकऱ्यांना जास्त आवडलं, वीज गेली तरी चालतंय, केंद्र बंद असलं तरी चालतंय.

म्हणून सांगतो, मोठं पोर्टल, मोठं उद्घाटन ह्याच्या मागं लागू नका. तुमच्या गावात कशासाठी माणूस सगळ्यात जास्त हेलपाटे घालतोय ते आधी मोजा आणि तेवढं एक काम फोनवर मेसेज येईल असं करा. अर्ज मिळाला एक मेसेज, दाखला तयार झाला एक मेसेज. माणूस त्या दुसऱ्या मेसेजची वाट बघत असतो.

भोगावतीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. परवापासून तीनदा वाचलं आणि काल रात्री आबांना पण वाचून दाखवलं, त्यांना चष्मा लावून पण मोबाईलवरचं दिसत नाही.

चिखलीच्या पेटीचं ऐकताना गप्प होते. निवृत्त काकांचं वारस नोंदीचं वाचलं तेव्हा मात्र मला थांबवलं आणि म्हणाले, तुझ्या आत्तीचं असंच झालंतं. मला हे माहीतच नव्हतं. मामा, म्हणजे आत्तीचे मालक, वारल्यावर आत्तीनं नोंदीसाठी किती खेपा घातल्या, अर्ज तीनदा दिला, एकदा पण पोहोच मिळाली नाही, आणि शेवटी दिरानं आधीच स्वतःचं नाव लावून घेतलंतं. आबा तेव्हा सोबत गेले होते आणि त्यांची ओळख असून काम झालं नाही कारण ओळख आपल्या गावात होती, तिच्या सासरच्या गावात नव्हती. एवढं सांगून बराच वेळ बसून राहिले. मग म्हणाले, ही पोहोचीची गोष्ट सभेत आधी सांग, बाकीचं मागनं.

तर आता मी असं ठरवलंय. ठरावातला "च" काढायचा, कागदी अर्ज घ्यायचा आणि ऑपरेटरनं चढवायचा, पोहोच जागेवर. महिनाभर एका वहीत लिहायचं की कोण कशासाठी किती वेळा आला. आणि दुसरा स्क्रीन लोकांकडं तोंड करून. शाळेत एक जुना मॉनिटर पडून आहे, हेडमास्तर द्यायला तयार आहेत. कुणाला माहीत असेल तर सांगा, पंचायतीच्या कॉम्प्युटरला एकच जोडणी दिसते मागं, दोन मॉनिटर लावायला काय घ्यायला लागेल?

केंद्रचालक

एचडीएमआय असेल तर स्प्लिटर घ्या, एकाच्या दोन होतात, दोन्हीकडं एकच दिसतंय. जुना मॉनिटर जुन्या निळ्या पिनेचा असणार, त्याला वेगळा कन्व्हर्टर लागेल. कोल्हापुरात राजारामपुरीत कॉम्प्युटरच्या दुकानात दोन्ही मिळतात, जाताना पिनेचा फोटो काढून घेऊन जा. फक्त एक ध्यानात ठेवा, त्या स्क्रीनवर दुसऱ्याचा आधार नंबर पण दिसणार, म्हणून खिडकीपुढं एका वेळी एकच माणूस उभा राहील असं करा.

भोगावतीकाठ

हे डोक्यातच आलं नव्हतं. बाकीच्यांना बसायला बाकडं मागं सरकवून घेतो. उद्याच जातो राजारामपुरीत.